भंगारात गेलेलं बेअरिंग

मोटरसायकलच्या लांब स्ट्रोकच्या, जुन्या धाटणीच्या सिंगल सिलिंडर इंजिनात मी एकाच जागचं मेन बेअरिंग, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ते, दोनदा मारलं. ‘गेलं’ असं मी म्हणत नाही. कारखान्यातून आलेलं मूळ बेअरिंग ३८,००० किलोमीटर चाललं. माझ्या हातचं पहिलं ६,००० चाललं, दुसरं त्याहूनही कमी. शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट, पण आजही थंड इंजिनातून बारीक सूर आला की पोटात गोळा येतो.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करता येतात, क्लच उतरवता येतो, केस (इंजिनाचं बाहेरचं कवच) उघडता येते असं धरून लिहितोय. तेवढं येत नसेल तर अजून मेन बेअरिंगच्या वाटेला जाऊ नका.

आवाजांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या वेगानं येते, कॅमच तसा फिरतो. पिस्टन स्लॅप म्हणजे थंड इंजिनातली बद्द थापट, गरम झाल्यावर ती कमी होते. बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, भाराखाली ठोकतं. वरच्या गिअरमध्ये हळू चालताना थ्रॉटल उघडला की घण बसल्यासारखं होतं. मेन बेअरिंग घरघरतं, आणि ते कानाआधी तळपायाला कळतं, फूटरेस्टमधून. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसवर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवून ऐका, जागा बऱ्यापैकी सापडते.

पण इंजिन खाली उतरवण्याआधी प्रायमरीचं (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीवरचं) झाकण काढा. अल्टरनेटरचा रोटर शाफ्टवर ढिला असेल तर तो हुबेहूब बिग एंडसारखा ठोकतो. क्लच लिव्हर दाबल्यावर आवाज बदलला तर आधी क्लच बघा. एक नट आवळायचा होता आणि त्यासाठी अख्खं इंजिन खोललं, असे लोक मी पाहिलेत. एकदा मीही त्यांच्यात होतो.

तेल गरम असताना सोडा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा गाळ असेल तर निवांत झोपा, तेवढं चालायचंच. बोटात चोळल्यावर टोचणारे चकचकीत पापुद्रे निघाले तर गाडी त्याच दिवशी उभी करायची. ‘घरापर्यंत तरी जाऊ’ नाही, उभी. ते पापुद्रे तेलाबरोबर ऑइल पंपात जातात आणि एका बेअरिंगचं दुखणं सगळ्या इंजिनाचं होतं. चुंबकाला न चिकटणारी पांढरट चमक ॲल्युमिनियमची असते, तेव्हा पिस्टन आणि केस तपासा. पिवळी चमक दिसली तर कुठलातरी बुश किंवा बेअरिंगच्या गोळ्या अंतरावर धरणारा पितळी केज झिजतोय.

सिलिंडर काढलाच असेल तर कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा. रोलर बिग एंडला त्या दिशेनं हाताला जाणवेल असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. रॉड डावी-उजवीकडे हलतो म्हणून घाबरू नका, साइड प्ले असावाच लागतो, त्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. फक्त हे तेल धुऊन करा, तेलाचा थर प्ले लपवतो. आणि क्रँक तीन-चार ठिकाणी फिरवून करा, कारण पिन सगळीकडून सारखी झिजत नाही.

आता माझा खड्डा.

मूळ बेअरिंगवर कोरलं होतं ६३०५, आणि पुढे सी३. ६३०५ मला कळत होतं. शेवटच्या ०५ ला ५ नं गुणलं की भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १७. सी३ हा मला बॅच नंबर वाटला. दुकानात ‘सहा-तीन-शून्य-पाच’ मागितलं, त्यांनी दिलं. मापं तंतोतंत जुळली. माल अस्सल होता, त्यात काडीची खोट नव्हती, आणि मागितलं तेच मिळालं होतं.

सी३ म्हणजे गोळ्या आणि रेस (गोळ्या ज्यांच्यामध्ये फिरतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्या) यांच्यात मुद्दाम ठेवलेली जास्तीची मोकळीक. या भोकाच्या साध्या बेअरिंगमध्ये ती ५ ते २० मायक्रॉन असते, सी३ मध्ये १३ ते २८. साध्या मोकळिकीच्या बेअरिंगवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं, आणि फसगत तिथेच होते. जे छापलेलंच नाही ते वाचणार कसं? फरक जेमतेम ८ मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्यानं काय बिघडतं, असं मीही विचारलं होतं.

हे सावकाश वाचा, मला समजायला दोन बेअरिंगं लागली. आतली रेस शाफ्टवर घट्ट बसते, त्यामुळे ती किंचित फुगते. बाहेरची रेस केसमध्ये घट्ट बसते, त्यामुळे ती किंचित आवळते. दोन्हीकडून गोळ्यांची जागा खाल्ली जाते. ॲल्युमिनियम उष्णतेनं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणून गरम इंजिनात बाहेरची रेस केसमध्ये फिरू नये यासाठी थंड असतानाची बसवणूक मुद्दाम जास्त घट्ट ठेवतात. म्हणजे मोकळीक सगळ्यात कमी असते ती थंड इंजिनात. तिथे साधं बेअरिंग घातलं की मोकळीक शून्याखाली जाते आणि गोळ्या दोन रेसच्या मध्ये चेंगरून फिरतात. भार येण्याआधीच बेअरिंग भाराखाली असतं. मग तेलाचा थर तुटतो, रेस तापते आणि शेवटी तिचे पापुद्रे निघतात.

आणि या सगळ्याची सूचना मला मिळाली होती! थंड इंजिनात एक बारीक, वरच्या पट्टीतला सूर येई. पाच मिनिटांनी केस तापून सैल झाली की तो गायब. ‘गरम झाल्यावर जातो म्हणजे पिस्टन स्लॅप’ असं म्हणून मी मोकळा झालो. स्लॅप ही थापट असते, ती गात नाही. पाठ केलेलं ज्ञान असं दगा देतं.

पहिलं बेअरिंग गेलं तेव्हा मी ते रॉकेलनं लख्ख धुतलं, हवेच्या पाइपनं गरगर फिरवून मजा बघितली (हे कधीच करू नका, कोरडं बेअरिंग असं फिरवलं की उरलेसुरले पुरावेही जातात आणि ते फुटून डोळ्यात जाऊ शकतं) आणि भंगारात टाकलं. मग तसंच दुसरं आणलं. वर खबरदारी म्हणून सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड तेल भरलं आणि एका बाटलीतलं ॲडिटिव्हही ओतलं. बाटलीबद्दल माझं मत विचारू नका. बिघाडाचं कारण न शोधता तेल बदलत राहणं म्हणजे ताप बघायचा सोडून थर्मामीटर फेकून देणं. बेअरिंग बदलणं हा इलाज असतो, निदान नव्हे, आणि मी निदानाचा पुरावाच भंगारवाल्याला दिला होता.

दुसरं गेलं तेव्हा एका म्हाताऱ्या टर्नरनं ते माझ्या हातून काढून घेतलं. केजचे रिव्हेट घासून काढले, गोळ्या एका बाजूला सरकवल्या, रेस वेगळ्या केल्या आणि भिंग माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘सांग.’ मला काहीच सांगता आलं नाही. दोन्ही रेसवर पूर्ण गोल, रुंद, चमकता पट्टा होता, आणि त्याच्या कडेला तपकिरी झाक. क्रँकच्या भाराची दिशा सारखी बदलते, त्यामुळे इथलं चित्र पुस्तकातल्याइतकं स्वच्छ नसतं. पण इतका रुंद आणि इतका एकसारखा पट्टा दोन्ही रेसवर असेल तर गोळ्या आवळून फिरत होत्या. मग त्यानं कडेवरचा नंबर वाचला आणि विचारलं, ‘पुढचं कुठाय?’

बाकीच्या खुणाही त्यानंच दाखवल्या. पट्टा तिरका जात असेल तर बेअरिंग वाकडं बसलंय किंवा क्रँक सरळ नाही. पट्टा खोबणीच्या एकाच काठाला चढला असेल तर आडवा दाब येतोय, शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) आणि एंड प्ले (क्रँकची आडवी मोकळीक) बघा. गोळ्यांच्याच अंतरावर चमकदार खळगे दिसले तर ते बसवताना हातोडा चुकीच्या रेसवर पडला होता. त्याच अंतरावर गंजाचे डाग असतील तर गाडी महिनोन्‌महिने उभी होती, किंवा दर वेळी इतकं थोडं चालवली की तेलातलं पाणी उडालंच नाही. हौसेनं ठेवलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. आणि धोब्याच्या फळीसारख्या बारीक आडव्या रेघा दिसल्या तर फ्रेमला वेल्डिंग करताना करंट बेअरिंगमधून गेला असण्याचा संशय घ्या. अर्थची क्लिप जोडाच्या शेजारीच लावा, बॅटरी आधी सोडवा.

बसवण्याचं फार अवघड नाही, इथे धीर धरा. केस सगळीकडून सारखी, सुमारे १०० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र करून उडाला की झालं. एकाच जागी ज्योत लावू नका. ६२ मिलिमीटरचं भोक ८० अंश जास्त तापलं की मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षा थोडं जास्त, म्हणजे ०.११ मिलिमीटरच्या आसपास उघडतं. थंड बेअरिंग स्वतःच्या वजनानं आत बसतं, हातोडा लागत नाही. लागलाच तर जी रेस घट्ट बसतेय तिच्यावरच दाब द्या, कधीही गोळ्यांमधून नाही.

हे वाचून कोणी सी४, म्हणजे सी३ पेक्षाही जास्त मोकळिकीचं बेअरिंग, आणायला निघाला असेल तर थांबा. मोकळीक जास्त म्हणजे चांगली असं नाही. क्रँक आत डुलतो, घरघर पहिल्या दिवसापासून येते आणि ऑइल सीलही लवकर जातं. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच आणा, मागची अक्षरंसुद्धा धरून. आणि धकधक ऐकण्याच्या हौसेपायी वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हवत चालवणाऱ्यांनी बिग एंड गेल्यावर बेअरिंगच्या नावानं बोटं मोडू नयेत.

गुरूबद्दल एक. ‘आवाज ऐकून सांगतो’ म्हणणारे भरपूर भेटतील, त्यातले काही खरंच सांगतात. पण जो मेलेला पार्ट तुमच्या हातात देत नाही त्याच्याकडे फार काळ राहू नका. माझा टर्नर खडूस होता, दिवसातून चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन शिव्यांची. पण भिंग त्यानं माझ्याकडे दिलं होतं.

तिसरं बेअरिंग, सी३, बसवून ११,००० किलोमीटर झालेत. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं मी अजूनही थ्रॉटलला हात न लावता नुसता ऐकत उभा राहतो. वर्कशॉपमध्ये मेलेल्या बेअरिंगांचा एक पत्र्याचा डबा आहे, प्रत्येकाला किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. ६,००० ची चिठ्ठी त्यात नाही.