झोपेत दात खाणे: माझा अनुभव
सकाळी जबडा आणि कानशिले ठणकत असत, आणि झोपेत माझे दात करकर वाजतात हे पत्नीने सांगेपर्यंत मी त्याचा दोष नाशिकच्या गारठ्याला देत होतो. आईने नेहमीप्रमाणे जंतांचे निदान केले. दंतवैद्यांनी मात्र आरशात माझ्या सुळ्याचे घासून सपाट झालेले टोक दाखवले, ताणामुळे आणि रात्रीच्या चहामुळेही हे वाढू शकते असे सांगितले आणि दातांचे माप घेऊन नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे आवरण, बनवून दिला. गार्डमुळे दात खाणे थांबतेच असे नाही. झीज मात्र वाचते. पहिले 4 दिवस लाळेने उशी भिजली. गार्डहून उपयोगी पडली ती दिवसा ओठ मिटून दात सुटे ठेवण्याची सवय. द्वारका चौकातील कोंडीत स्टिअरिंग धरताच माझे दात आवळले जातात, हे तेव्हाच ध्यानात आले. आता सकाळचे ठणकणे गेले आहे, गार्डवर ओरखडे मात्र उमटतच आहेत.