मलावीत कुणाच्या घरी राहायला जाताना

औषधांपासून सुरुवात करा, त्यालाच वेळ लागतो. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घेतलेली हवी आणि दाखला पासपोर्टसोबत हवा, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडकून पडाल. मलावीतला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे अंगावर काढण्यातला नव्हे. गोळ्या कोणत्या ते डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन दिली, तर घरी आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, आणि नेमकी तीच सगळे सोडून देतात.

सामान कमीच न्या. सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, आपला प्लग बसत नाही. वीज जाते, खेड्यात बरेचदा नसतेच, तेव्हा डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. एक स्वेटर टाका. जून-जुलैत उंचावरच्या गावांत चांगलीच थंडी असते आणि ‘आफ्रिकेत कसली थंडी’ म्हणत मी कुडकुडलो आहे. सिमकार्ड तिथेच घ्या. दुकानावर एअरटेलची लाल पाटी दिसली की उगाच बरं वाटतं.

कपडे सुती हवेत, कडक इस्त्री सोसणारे. पावसाळ्यात बाहेर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर पुट्सी माशी अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि गळू होतं. म्हणून घरातल्या अमायी (आईला आणि वडीलधाऱ्या बाईला हाच शब्द) कोळशाच्या इस्त्रीने टॉवेल, बनियन, अगदी मोजेसुद्धा दाबून काढतात. ‘आतल्या कपड्यांना कशाला इस्त्री’ म्हणून नको म्हणू नका. मुलींनी गुडघ्याखालचे कपडे घ्यावेत. वरून गुंडाळायचा चिटेंजे तिथल्या बाजारात मिळतो.

आता खरी तयारी, जी बॅगेत मावत नाही. रोजचं जेवण न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच समजा, आणि सोबत न्दिवो, कालवण. जेवणाआधी कुणीतरी हातांवर पाणी घालतं. उजव्या हाताने गोळा वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा, कालवणात बुडवायचा. हाताने जेवणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही, एवढा एक फायदा. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, आणि मासेही नको हे वेगळं सांगा, कारण सुकटीसारखी उसिपा कुणाच्या लेखी मांसात मोडत नाही. भोपळ्याच्या पानांची दाण्याचं कूट घातलेली भाजी मिळाली की घरची आठवण येईल. मात्र जानेवारी ते मार्च हे टंचाईचे महिने. नवा मका एप्रिलच्या सुमारास येतो, तोवर कणगी तळाला गेलेली असते. त्या दिवसांत आग्रह झाला तरी हात राखून घ्या.

चार शब्द पाठ करा. दारात उभं राहून ‘ओडी’ म्हणायचं, आतून ‘ओडीनी’ आलं की मगच पाऊल टाकायचं. ‘मुली ब्वांजी’ म्हणजे कसे आहात, ‘झिकोमो’ म्हणजे आभार. तू-तुम्हीचा फरक त्यांच्याकडेही आहे: मोठ्यांना ‘इनू’, ‘इवे’ फक्त पोरासोरांना. पोरं तुम्हाला ‘म्वेन्ये’ म्हणून हाका मारतील. त्याचा अर्थ भारतीय माणूस, शिवी नव्हे.

आंघोळीचं पाणी बहुधा कुणीतरी लांबून डोक्यावरून आणलेलं असतं, म्हणून अर्ध्या बादलीत आटपायची सवय इथूनच लावा. तुमची राहायची सोय करणारी संस्था त्या घराला किती पैसे देते आणि त्यात काय काय धरलंय, हे निघण्याआधी विचारून घ्या. तिथे जाऊन विचारणं सगळ्यांनाच अवघड जातं. भेट म्हणून चहापत्ती नेऊ नका, थ्योलो आणि मुलांजेचे चहामळे त्यांचेच आहेत. त्यापेक्षा तिथल्या दुकानातून तेल, साखर, साबण घेऊन पहिल्या संध्याकाळी द्या.

येताना बॅगेत थोडी जागा ठेवा. निघायच्या सकाळी अमायी भाजलेल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी पुढे करतील. एका हाताने घेऊ नका. डावा हात उजव्या कोपराला लावा, थोडं वाका आणि घ्या.