जार टेस्ट : पाणीशुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते उचलतात आणि विंध्याचा चढ चढवून सत्तरेक किलोमीटरवर शहरात आणतात. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली आपली मुलंमुली अशा प्लांटवर केमिस्ट म्हणून लागतात, तेव्हा तुरटीचं (प्लांटवर सगळे फिटकरीच म्हणतात) समीकरण त्यांना पाठ असतं. आज किती तुरटी घालायची, हे मात्र जार टेस्टच (जारमधल्या पाण्यात वेगवेगळे डोस घालून बघायची चाचणी) सांगते. कालचा डोस रजिस्टरमधून उतरवू नका.

दहा ग्रॅम तुरटी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. बाटलीतली शुद्ध तुरटी नको, गोदामातलीच घ्या. टाकीत तीच पडणार आहे. हे द्रावण रोज ताजं करा. त्याचं १ मिली एक लिटर पाण्यात घातलं की डोस लिटरला १० मिग्रॅ झाला (पुढचे डोस, क्षारता, चुना सगळे लिटरमागे मिग्रॅमध्येच). सहा जारमध्ये एकेक लिटर कच्चं (शुद्ध न केलेलं) पाणी घेऊन १ ते ६ मिली एकाच वेळी ओता. एक मिनिट १०० फेऱ्यांनी, मग १५-२० मिनिटं ३०-४० फेऱ्यांनी (फेऱ्या मिनिटाला) ढवळा आणि अर्धा तास हात लावू नका. वरचं पाणी पिपेटने हलकेच काढून गढूळपणा मोजा. ज्याच्या पुढे तुरटी वाढवूनही गढूळपणा फारसा उतरत नाही, तो डोस धरा. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, तुरटी तो मारते. पण अती झाली तर कणांवर धन भार चढतो आणि ते पुन्हा तरंगत राहतात. पाचवा जार नितळ आणि सहावा गढूळ दिसला, तर कारण बहुधा हेच.

नवे लोक चुकतात ते पावसाळ्यात. पुराच्या पाण्यात माती जास्त, पण पावसाने क्षारता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) पातळ झालेली. एक मिग्रॅ तुरटी साधारण अर्धा मिग्रॅ क्षारता खाते. कच्च्या पाण्याची क्षारता ५० आणि डोस ६० असेल तर उरते २०. पीएच घसरतो, फ्लॉक (तुरटीने माती एकत्र येऊन बनलेले पुंजके) टाचणीच्या टोकाएवढे बारीक राहतात, आणि घाबरून तुरटी वाढवली की दुखणं आणखी वाढतं. तिथे चुना लागतो, तोही तुरटीच्या आधी : क्षारता २० ने वाढवायला सुमारे १५ मिग्रॅ विरलेला चुना. क्षारता मोजायला पाच मिनिटं पुरतात : १०० मिली पाणी, दर्शक म्हणून मिथिल ऑरेंज, रंग बदलेपर्यंत एन/५० (०.०२ नॉर्मल) सल्फ्युरिक ॲसिड, लागलेले मिली गुणिले १०. चुना जास्त झाला तर पीएच चढून ॲल्युमिनियम पाण्यात विरघळलेलं राहतं. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे ते ०.०३ मिग्रॅच्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ पर्यंत चालतं.

जार नितळ, पण क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची टाकी) गढूळ? आधी फ्लॅश मिक्सर (तुरटी पाण्यात झटकन मिसळणारा) चालू आहे का बघा. फ्लॉक आधी बनून पुढे तुटत असतील तर फ्लॉक्युलेटर (फ्लॉक वाढावेत म्हणून हळू ढवळणारा) जास्त वेगात आहे. गाळ वेळेवर सोडला नसेल तर तो कुजून ढेकळांनी वर येतो.

हे सगळं ठीक असेल तर डोसिंगची लाइन तपासा. मिग्रॅ गुणिले एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) म्हणजे दिवसाचे किलो. ९० एमएलडीला २५ चा डोस म्हणजे २,२५० किलो; पाच टक्के द्रावणाचे मिनिटाला सुमारे ३१ लिटर. तुरटीतला न विरघळलेला कचरा तोंडाशी अडकतो आणि धार बारीक होते. १५ लिटरची बादली लावा, घड्याळ बघा : २९ सेकंदांत भरली पाहिजे. ४० लागले, तर पाण्यात २५ नाही, १८ पडतंय.