जुन्या सागवानी ड्रेसरला रंग आणि स्टेन
आरसा, हँडल, बिजागऱ्या काढा. स्पिरिटचा बोळा घासून पाहा: पॉलिश चिकट होऊन निघालं तर ते लाखेचं, स्पिरिटनेच उतरवा. सागाची वरची फळी रंगाखाली झाकू नका. तिला स्टेनच, म्हणजे लाकडाच्या रेषा दिसू देणारा पातळ रंगच, शोभतो. ८०, १२०, शेवटी १८० नंबरचा पॉलिश पेपर, कायम रेषांच्या दिशेने. आडवा ओरखडा आत्ता दिसत नाही, स्टेन लागला की काळा उमटतो. विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा असेल तर ८० नकोच, तो फाटेल. स्टेन फडक्याने लावून जास्तीचा लगेच पुसा.

रंग द्यायच्या सांगाड्याला प्रायमरआधी (रंगाखालच्या पहिल्या थराआधी) मेण काढलेल्या लाखेचा एक हात द्या, नाहीतर सागाचं तेल पांढऱ्या रंगावर पिवळे डाग पाडतं. खणांच्या कडा रंगवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खण अडकतात.