मृग लागला, निंबोळ्या वेचून घ्या

आखाजीला ज्या कडुनिंबाला झोका बांधला होता, त्याच्याखाली आता पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडायला लागलाय. सकाळी अंगण झाडताना आपण त्या केराबरोबर उकिरड्यावर लोटतो. यंदा लोटू नका. श्रावणात कानबाई घरी येते त्या सुमाराला वांग्यावर, भेंडीवर, कपाशीवर जी कीड दिसेल, तिचं औषध आज तुमच्या दारात फुकट पडतंय. पुढचे तीन-चार आठवडे पडेल, मग संपलं. श्रावणात आठवण होऊन उपयोग नसतो. तेव्हा बाजारातून आणलेली निंबोळी पावडर किती जुनी आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

वेचायच्या त्या पिवळ्या, पिकलेल्या निंबोळ्या. हिरव्या तोडून घेऊ नका. झाडाखाली जुनं लुगडं किंवा गोणपाट अंथरून ठेवलं की मातीत मिसळत नाहीत. दर दुसऱ्या दिवशी गोळा करा, कारण पावसाची एक सर येऊन गेली की चिखलात पडलेल्या निंबोळीला दोन दिवसांत बुरशी धरते. गोळा केलेल्या निंबोळ्या बादलीत घाला, बुडतील एवढं पाणी ओता आणि मूठभर वाळू टाकून दोन्ही हातांनी चोळा. हात चिकट होतात, उग्र वास येतो, पण साल आणि गर पटकन सुटतो. वर तरंगणाऱ्या साली आणि पोकळ बिया ओतून द्या. तळाशी पांढुरक्या, भरलेल्या बिया उरतात. दोन पाण्यांनी धुवा आणि ओसरीवर, सावलीत, गोणपाटावर पातळ पसरा.

सावलीत, हे पुन्हा सांगते. कडुनिंबातलं किडीला लागू पडणारं द्रव्य, अझाडिरेक्टिन, उन्हानं कमी होत जातं. आपल्या जळगाव-भुसावळकडच्या उन्हात गच्चीवर वाळवलं की दिसायला छान वाळतं, पण जोर जातो. ओसरीवर पाच-सहा दिवस लागतात, ढगाळ असलं तर जास्त. रोज एकदा हात फिरवा. एक बी फोडून पाहा. आतला दाणा हिरवट-तपकिरी आणि कोरडा असला की झालं. काळा पडलेला, बुरशीचा दाणा टाकून द्या.

एका वर्षी माझ्याकडून इथेच चूक झाली. पावसाची घाई होती, बी अर्धवट वाळलं होतं आणि मी ते खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोणीत भरून तोंड बांधून टाकलं. महिनाभरानं गोणी सोडली तर आत गरम वाफ आणि सगळं हिरवं-काळं. त्या साली वांग्याचा निम्मा तोडा किडका निघाला. तेव्हापासून मी सुती पिशवीत किंवा गोणपाटात भरते, जमिनीपासून वर, हवा लागेल अशा ठिकाणी टांगते आणि वर्षाच्या आत वापरून संपवते.

आता प्रमाण. कृषी खातं सांगतं तो 5 टक्के निंबोळी अर्क म्हणजे 100 लिटर फवारणीला 5 किलो दाणे. दाणे खलबत्त्यात भरड कुटा, 9-10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी धोतराच्या फडक्यातून पिळून गाळा. दुसरीकडे लिटरभर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा, दोन्ही एकत्र करा आणि पाणी घालून 100 लिटर करा. साबणामुळे अर्क पानाला चिकटून बसतो. एकरभर कपाशीला 200 लिटर पाणी धरलं तर 10 किलो दाणे लागतात. परसातल्या दहा-बारा झाडांना एवढं कशाला? लिटरला 50 ग्रॅम दाणे आणि 2 ग्रॅम साबण पुरतो. म्हणजे दीड किलो दाण्यांत घरच्या भाजीच्या सात-आठ फवारण्या निघतात. अर्क केला त्याच दिवशी वापरायचा. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूलाही. खालचा चोथा फेकू नका, वांग्याच्या बुडाशी मातीत मिसळा.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. निंबोळी अर्कानं अळी तासाभरात मरून पडत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं, अंडी घालायला आलेला पतंग परत फिरतो. म्हणून लहान अळीवर आणि रस शोषणाऱ्या किडीवर तो चांगला चालतो, बोटाएवढ्या झालेल्या अळीवर नाही. कीड दिसायला लागताच पहिली फवारणी करा, मग दर आठ-दहा दिवसांनी. पाऊस येऊन धुऊन गेला तर पुन्हा घ्या.

वांग्याचं वेगळं सांगायला हवं, कारण भरताचं वांगं हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची खरी शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. ती एकदा आत शिरली की कुठलाही अर्क तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे कात्रीच कामाची. सकाळी झाडांमधून चालताना एखादा कोवळा शेंडा मान टाकलेला दिसतो, बाकी झाड मात्र ताजंतवानं. पाण्याची कमतरता असती तर सगळंच झाड सुकलं असतं. तो शेंडा सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून कापा आणि उभा चिरून पाहा: आत फिकट गुलाबी अळी आणि तिची विष्ठा सापडते. कापलेले शेंडे बांधावर टाकले तर अळी मातीत उतरून कोष करते आणि पतंग होऊन परत येते, म्हणून ते जाळा किंवा खोल पुरा. भोक पडलेल्या फळांचंही तसंच. आठवड्यातून दोनदा, सगळ्या झाडांवर, आणि शेजाऱ्याच्या परसातही हे झालं तर पीक हाती लागतं.

पांढरी माशी आणि तुडतुड्यांसाठी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवा, त्यावर एरंडेल किंवा ग्रीस लावा आणि झाडाच्या उंचीला टांगा. आठवड्यानं पुसून पुन्हा लावा. गिलक्या-दोडक्याच्या पानांवर पांढरी भुरी दिसू लागली की एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी फवारा. सुरुवातीलाच केलं तर उपयोग, पान पांढरंफट झाल्यावर नाही.

मोबाईलवर येणाऱ्या घरगुती उपायांतले काही मात्र आपल्या जमिनीला चालत नाहीत, याची मला फार काळजी वाटते. चुलीची राख आणि अंड्याची टरफलं झाडाला घाला, असं सर्रास सांगतात. आंबट मातीच्या, भरपूर पावसाच्या मुलखात ते ठीक आहे. तापीकाठची आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, कित्येक ठिकाणी चुनखडीची. तिला आणखी चुना आणि राख दिली की लोह झाडाला मिळेनासं होतं. दारातल्या लिंबूच्या नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा दिसत असेल, तर ते हेच. तिथे शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा द्या. गवत मारायला मीठ टाकू नका, माती वर्षानुवर्षं बिघडते. तंबाखूचं पाणी तर घरच्या भाजीवर अजिबात नको. निकोटिन विषारी असतं, ते भाजीवर राहतं आणि फवारणाऱ्याच्या कातडीतूनही अंगात जातं.

कपाशीवाल्यांसाठी आणखी एक. गोठ्यामागे सरपण म्हणून रचलेल्या पऱ्हाट्यांना जी न उमललेली बोंडं चिकटलेली असतात, त्यांत गुलाबी बोंडअळी झोपून असते. 2017 साली तिनं कपाशीचं जे नुकसान केलं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. ढीग अजून असेल तर आजच संपवा. भरीत भाजायला दोन मोळ्या ठेवायच्याच असतील तर बोंडं झोडून काढा, ती जाळा आणि नुसत्या काड्या ठेवा.

घरातलं धान्यही याच आठवड्यात हातावेगळं करा. गहू आणि दादर ज्वारी कडक उन्हात दोन दिवस द्या, पण तापलेलं धान्य लगेच कोठीत भरू नका. रात्रभर थंड होऊ द्या, नाहीतर आत घाम धरतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो हातात चुरा होईल इतका वाळलेला हवा. ओला पाला घातला तर तोच धान्याला ओल देतो. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. बियाण्यासाठी ठेवलेल्या मूग-चवळीला चाळलेली कोरडी राख लावा, राखेची खरी जागा तिथे आहे. आणि डब्याचं झाकण पावसाळी सकाळी उघडू नका. दुपारी, हवा कोरडी असताना, महिन्याभराचं एकदम काढून घ्या.