मोठेपणी पाठ वाकवायला शिकताय? मग कंबर वाचवा आधी

२०२४ मध्ये उदय देशपांडे सरांना मल्लखांबासाठी पद्मश्री मिळाली ना, तेव्हापासून आमच्या मोठ्यांच्या बॅचलाही चौकशीला येणारे बरेच दिसतात, आणि आल्या आल्या प्रश्न एकच, पाठ मागे कधी वाकणार? शिवाजी पार्कला पोरं दोरीवर कशी वळतात ते बघून आलेले असतात, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. मी स्वतः तिशी उलटल्यावर शिकले, दिवसभर खुर्चीत बसायची नोकरी सांभाळून, आता नवीन लोकांना वॉर्मअप द्यायला शिकवणाऱ्या ताईंना मदत करते. फिजिओ वगैरे नाहीये मी, जे करून बघितलं आणि डोळ्यासमोर बघते तेच लिहितेय.

तर पहिली गोष्ट, नवीन माणूस "वाकतंय वाकतंय" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पाठ वाकतच नसते, फक्त कंबर एका ठिकाणी दुमडते. मणके बघा, मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. त्या १२ना बरगड्या जोडलेल्या, शिवाय त्यांचे मागचे काटे कौलांसारखे एकावर एक येतात, त्यामुळे मागे वाकताना तिथे लवकर अडतं. कमरेला असलं काही नाही, ती पटकन जाते, आणि मग सगळा भार तळाच्या एकदोन मणक्यांवर. मोबाईल बाजूला उभा करून व्हिडिओ काढा, गोलाई दिसतेय की एकच घडी ते लगेच कळतं. जिम्नॅस्ट आणि फास्ट बोलर पोरांना हेच परत परत करून मणक्याच्या मागच्या भागात बारीक फ्रॅक्चर होतं, त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. म्हणून शाळकरी मुलाची कंबर मागे वाकताना सारखी दुखत असेल तर "सवय होईल" म्हणून ढकलू नका, डॉक्टरला दाखवा.

मग करायचं काय, तर कमरेच्या खालचं आणि वरचं मोकळं करायचं. खाली म्हणजे मांडीचा सांधा. आपण ट्रेनमध्ये सीट मिळाली की बसतो, ऑफिसात बसतो, घरी येऊन परत बसतो, आणि कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा जो सोअस स्नायू आहे तो आखडतो आणि कंबर आधीच पुढे ओढून ठेवतो. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, मागच्या पायाच्या बाजूचा कुल्ला आवळून धरायचा आणि किंचित पुढे सरकायचं, अर्धा मिनिट, मग दुसरी बाजू. कुल्ले आवळले नाहीत तर ताण परत कमरेतच जातो, हे नव्वद टक्के लोक विसरतात (आकडा माझा, अंदाजपंचे).

वर म्हणजे खांदे. भिंतीला पाठ लावून हात सरळ वर न्या, बरगड्या पुढे आल्या की समजा खांदे बंद आहेत, आणि चक्रासनात (हातपाय टेकून पोट वर, पूर्ण कमान) त्याची किंमत कंबर भरणार. किचनच्या ओट्याला हात टेकून मागे चालत जा, छाती खाली सोडा, चहा उकळेपर्यंत होतं. पाठीच्या वरच्या भागासाठी टॉवेलची गुंडाळी खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवून पडून राहायचं, डोक्याला उशी, श्वास सोडत. बोरिंग आहे, पण मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

आता ताकद. भुजंगासनात हाताने रेटून जेवढं वर जाता तिथून हात अलगद उचला. जेवढं खाली आलात तो फरक म्हणजे तुमची धोक्याची जागा, तिथपर्यंत शरीर जातं पण स्वतःला सांभाळू शकत नाही. हा फरक कमी करत न्यायचा. शलभासन (पालथं पडून पाय उचलणं), सेतुबंध (उताणं पडून कंबर उचलणं), हात न टेकता छोटं भुजंगासन, आठवड्यातून तीनचार दिवस. मग मांडीला भिंतीचा आधार ठेवून उष्ट्रासन (गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकणं), मग धनुरासन, चक्रासन सगळ्यात शेवटी, आणि त्याला काही महिने लागले तर लागू देत, कोण बघतंय.

सकाळच्या बॅचवाल्यांनी एक लक्षात ठेवा, रात्रभर झोपून मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या पाठ कडक वाटते आणि जोरात वाकणं तर नकोच. आधी मैदानाच्या कट्ट्याला एक फेरी मारून या. आणि चक्रासनातून उतरल्यावर थेट पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकणं) मुसंडी नको, उताणं पडून गुडघे वाकवा, हळू डावीउजवीकडे हलवा, मग पोटाशी घ्या.

दुखणं कुठलं ते ओळखायला शिका. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना पसरलेलं जडपण चालतं, जातं ते. एका बिंदूवर टोचणं, कळ पायात उतरणं, मुंग्या, तिथे थांबायचं. आणि जांघेत बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल, केईएम सायन जे जवळ असेल ते. स्लिप डिस्क, हाडं ठिसूळ, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन यापैकी काही असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरला विचारा.

क्लासचं म्हणाल तर मुंबईत कमी नाहीत. सांताक्रूझची योगा इन्स्टिट्यूट १९१८ पासूनची आहे, आणि ज्यांचं शरीर फारच कडक आहे त्यांना मी अय्यंगार पद्धत सुचवते, आधाराला खुर्ची, बोल्स्टर (जाड लोड), दोऱ्या असतात, लोअर परळला योगाश्रय आहे. कुठेही जा, आधी एक बॅच बाजूला बसून बघा. शिकवणारे पाठीवर बसून किंवा दाबून वाकवत असतील, विशेषतः लहान मुलांना, तर फी भरू नका. आधीच भरली असेल तर सरळ सांगायचं, "सर, दाबू नका, मी माझी माझी जाते."