नेवार्कचं नाणं पारखताना

इंग्लंडच्या यादवी युद्धातलं नेवार्क या गावचं नाणं समोर आलं की मी आधी आकार बघतो. ते गोल नसतं, शंकरपाळ्यासारखं असतं. गावाच्या वेढ्यात अडकलेल्या, राजाच्या बाजूने लढणाऱ्या शिबंदीचा पगार भागवायला १६४५-४६ मध्ये चांदीची ताटं-भांडी कापून ही नाणी पाडली.

पुढे मुकुट आणि दोन बाजूंना सी, आर ही अक्षरं, म्हणजे राजा चार्ल्स. खाली रोमन आकड्यात किंमत: ३०, १२, ९ किंवा ६ पेन्स. नऊ पेन्स बघून दचकू नका, तेही पाडलं होतं. मागे गावाचं नाव आणि साल. १६४५च्या काही शिलिंगांवर, म्हणजे १२ पेन्सच्या नाण्यांवर, नावाच्या शेवटी जादा ई असतो, तेवढ्यावरून नाणं खोटं ठरवू नका.

आता भिंग घ्या आणि नाणं उजेडात तिरपं धरा. एखाद्यावर सोन्याच्या मुलाम्याचा पिवळट डाग किंवा मूळ भांड्यावरचा ठसा पुसट दिसतो. असं सापडलं की माझी तर झोपच उडते! कडेवर सांध्याची रेघ असेल तर ओतीव नक्कल समजा. शिलिंगाचं वजन सहा ग्रॅमच्या आतबाहेर हवं. भोक असेल तर भाव पाडून मागा, पण नाक मुरडू नका; अशी बरीच मिळतात. आणि कृपा करून पितांबरीने घासू नका.